तिसरा गुरुवार

"याला इथं दोन वेळा पोटभर जेवायला मिळतं ना?"

कुणाला काही शंका असेल तर विचारा, असं मी म्हटलं आणि सिंधूबाई सैंदाणेनं हात वर करून हे विचारलं. मी नशेबद्दलच्या शंका मागत होते. मागे बसलेल्या बापांपैकी एकदोघं हसले. तिचा मुलगा हेमराज भिंतीला टेकून बसला होता, त्यानं मान खाली घातली.

"मिळतं," मी म्हटलं. "दोन वेळा जेवण आणि सकाळी नाश्ता."

"मग ठीक आहे," ती म्हणाली आणि पदर सावरून बसली, जणू तिच्यापुरता तो तास तिथंच संपला.

सोळा वर्षं झाली या गोष्टीला. खानदेशातल्या ज्या गावी मी तेव्हा काम करत होते त्याचं नाव सांगत नाही, कारण यातली काही माणसं अजून तिथंच राहतात. गुन्ह्यात सापडलेली अठराच्या आतली पोरं तिथल्या निरीक्षणगृहात ठेवत. त्यातली निम्म्याहून अधिक सोल्युशन ओढणारी असायची. सायकलचं पंक्चर काढायला लागतं ते. पोरं त्याला 'सुलोचन' म्हणायची, एखाद्या मावशीचं नाव घ्यावं तसं. प्लास्टिकच्या पिशवीत थोडं ओतायचं, नाक-तोंड पिशवीत घालायचं आणि ओढायचं. भूक मरते, थंडी वाजत नाही, भीती जाते. चोरी करायला भीती गेलेलीच बरी असते.

आमच्या संस्थेनं मला तिथं समन्वयक म्हणून नेमलं होतं. काम सांगायला सोपं होतं. मुलगा आणि त्याच्या घरचं एक माणूस, दोघांना समोरासमोर बसवून सहा गुरुवार नशेबद्दल शिकवायचं. डॉक्टरांना आणायचं, वस्त्यांवर निरोप धाडायचे, हजेरी घ्यायची आणि शेवटी बाल न्याय मंडळाला अहवाल द्यायचा. सहाच्या सहा सह्या असल्या तर मुलगा घरी. एक जरी कमी पडली तर पुढच्या तुकडीपर्यंत, म्हणजे आणखी दोन महिने, आत. हा नियम मंडळानं मान्य केला होता, पण सुचवला मीच होता. त्याशिवाय घरचं कोणी फिरकतच नसे.

हेमराज पंधरा वर्षांचा. चौघांनी मिळून मोबाईलच्या टॉवरखालच्या बॅटऱ्या काढल्या होत्या. तिघं पळाले. हा तिथंच झाडाखाली हसत बसलेला पोलिसांना सापडला. बाप ट्रकवर क्लीनर होता. एकदा सुरतेला गेला तो आलाच नाही. घरी आई आणि दहा वर्षांची बहीण पूनम. आई मिरचीच्या पथारीवर कामाला जायची. गावाबाहेर मोकळ्या रानात लाल मिरची वाळत घालतात, एकरच्या एकर, तिला तिकडं पथारी म्हणतात. बायका दिवसभर तिथं बसून देठ खुडतात.

दुसऱ्या गुरुवारी सगळे गेल्यावरही सिंधूबाई दाराशी थांबून राहिली.

"काय झालं, सिंधूबाई?"

"ताई, पुढल्या गुरुवारी मी नाही येत."

"असं चालत नाही. पहिल्याच दिवशी सांगितलं होतं मी."

"मुकादम म्हणतो, गाड्या भरायच्या आहेत, एक दिवस खाडा केला तर परत येऊ नको. दोन गुरुवार मी अर्धा दिवस मागून आली. आता तो नाहीच म्हणतो. माझ्या जागेवर बसायला दहा बाया उभ्या आहेत."

"मी बोलू का त्याच्याशी?"

तिनं घाईनं मान हलवली. "नको नको. पोरगा आत आहे हे तिथं कोणाला माहीत नाही. गावी मामाकडे आहे सांगितलं मी."

"दुसरं कोणी येईल का? दीर, भाऊ?"

"कोणी नाही."

तिनं दोन्ही हात पोटाशी धरले होते, बोटं किंचित उघडी ठेवून. मिरचीनं हात इतके पेटतात की बायका दोन बोटं एकमेकांना लागू देत नाहीत, हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला वाटलं ती हात जोडायचा विचार करते आहे, आणि तिनं तसं करू नये असं मला फार वाटलं.

"हे बघा," मी म्हटलं, "तुम्ही उगाच चुकवायच्या नाहीत हे मला ठाऊक आहे."

मी रजिस्टर उघडलं. पुढच्या गुरुवारचं पान आखलेलंच होतं. तिच्या नावासमोर बोट ठेवून म्हटलं, "इथं सही करून ठेवा."

तिनं माझ्याकडे पाहिलं. "आजच?"

"आजच. पण कोणी विचारलं तर होते म्हणायचं. कोणीही विचारलं तरी."

"म्हणेन ना."

तिसरीपर्यंत शिकलेली होती ती. पेन घट्ट धरून एक एक अक्षर काढत तिनं नाव लिहिलं. नावावर रेघ ओढायची राहिली म्हणून परत वाकली आणि रेघ ओढली. जाताना म्हणाली, "तुमचे उपकार झाले, ताई." मी त्या दिवशी घरी गेले ते खुशीतच. नियम माणसासाठी असतो, असं काहीतरी मी स्वतःशी म्हणतही होते.

तिसऱ्या गुरुवारी डॉक्टर वाणी आले. सरकारी दवाखान्यात ते मानसोपचार बघायचे. आम्ही त्यांना एकच सत्र मागितलं होतं, सगळ्यात महत्त्वाचं: मुलगा घरी आल्यावर काय करायचं आणि काय करायचं नाही. एका रिक्षावाल्या बापानं विचारलं, "डॉक्टरसाहेब, आठ दिवस खोलीत कोंडून ठेवला तर सवय तुटेल ना?"

"तेच करू नका," डॉक्टर म्हणाले. "मारणं वाईट आहे, पण कोंडणं त्याहून वाईट. का ते सांगतो. याची वाफ हवेपेक्षा जड असते, खाली बसते. मोकळ्यावर ओढलं तर वाऱ्यानं उडून तरी जाते. बंद खोलीत ती जमिनीलगत साचते, आणि पोरगं झिंगून पडतं तेही जमिनीवरच. झोपेत श्वास थांबतो. आणि तुम्हाला वाटतं त्याच्याजवळ माल नाही. असतो. गादीत असतो, पत्र्याच्या फटीत असतो. आठ दिवस तो ओरडेल, भांडी फेकेल, अंगावर येईल. येऊ द्या. पण दार उघडं ठेवा आणि कोणीतरी सोबत बसा."

अकरा घरांपैकी दहा घरची माणसं ते ऐकत होती. हेमराजही ऐकत होता, पण पोरं अशा वेळी ऐकल्यासारखं करतात आणि छताकडे बघतात. सिंधूबाईला हे पुढच्या गुरुवारी नीट सांगायचं, असं मी ठरवलं. वहीत लिहूनही ठेवलं.

पुढच्या गुरुवारी वरून पाहणी आली. तीन साहेब आणि एक बाई. खुर्च्या मागवा, चहा मागवा, फाइली काढा, यात माझा सगळा दिवस गेला. पाहुण्यांपैकी एकानं विचारलं, "पालक नियमित येतात का?" मी सिंधूबाईकडे हात केला. "या आईचंच बघा. मिरचीच्या पथारीवर राबतात, पण एकही सत्र चुकवलं नाही." सिंधूबाई खाली बघत राहिली. साहेबांनी टाळ्या वाजवल्या म्हणून सगळ्यांनी वाजवल्या. त्यानंतर तिला वेगळं बसवून काही सांगणं राहून गेलं. पाचव्या वेळीही राहिलं. सहाव्या वेळी प्रमाणपत्रं होती.

फेब्रुवारीच्या शेवटी मंडळानं हेमराजला घरी सोडलं. मी त्याला एका रोपवाटिकेत काम मिळवून दिलं. पिशव्यांत माती भरायची, रोपांना पाणी घालायचं. मी दोनदा जाऊन पाहिलं. अंग भरलं होतं, डोळ्यांखालचं काळं कमी झालं होतं. एकदा त्यानं मला एक रोप दाखवून विचारलं, "ताई, हे काय आहे ओळखा." मला ओळखता आलं नाही. "पपई," तो म्हणाला आणि हसला. नर आणि मादी झाड फुलं आल्याशिवाय कळत नाही, हे त्यानंच मला सांगितलं. पाच आठवडे तो कामावर गेला. आमच्या हिशेबानं हे फार होतं.

एप्रिलच्या सुरुवातीला मी प्रशिक्षणासाठी नाशिकला होते. शनिवारी दुपारी शेजारणीच्या मोबाईलवरून सिंधूबाईचा फोन आला.

"ताई, परत सुरू झालं त्याचं. तोंडाला वास येतो. तीन दिवस कामावर गेला नाही. टॉवरवाली पोरं घराकडे येतात."

"मारू नका त्याला."

"नाही मारत. पण संध्याकाळ झाली की जातो निघून."

बाहेर चहाची वेळ संपत आली होती, लोक परत आत जात होते. "मी सोमवारी संध्याकाळी येते," मी म्हटलं. "तोवर त्याला बाहेर सोडू नका. त्या पोरांत जाऊ देऊ नका. काहीही करून घरातच ठेवा."

"घरातच ठेवू?"

"हो. दोनच दिवसांचा प्रश्न आहे."

"बरं," ती म्हणाली. "ठेवते."

सोमवारी सकाळी सातला ती पूनमला बरोबर घेऊन पथारीवर गेली. पत्र्याची एकच खोली होती त्यांची. आत भाकरी झाकून ठेवली, हंडा भरून पाणी ठेवलं आणि बाहेरून कुलूप लावलं. शेजारणीनं नंतर सांगितलं की नऊ-साडेनऊपर्यंत पत्रा वाजत होता, मग थांबला. झोपला असेल असं तिला वाटलं. एप्रिलातलं ऊन आणि पत्र्याची खोली. सिंधूबाई चारला आली. मी पाचला त्या गल्लीत शिरले तेव्हा दारात माणसं जमली होती. तिनं मला पाहिलं आणि गर्दीतल्या लोकांना म्हणाली, "सरका, ताईंना जाऊ द्या." मी आत जाऊन करणार काय होते, ते मला आजही सांगता येणार नाही.

गादीच्या शिवणीत त्यानं दोन ट्यूब लपवल्या होत्या. पिशवी चेहऱ्याजवळ होती.

पोलिसांनी सिंधूबाईवर गुन्हा दाखल केला. मुलाला डांबून ठेवलं, निष्काळजीपणानं मृत्यू घडवला. पथारीवर कळलं तेव्हा तिची जागा गेली. जामीन झाला, मग ती दुसऱ्यांच्या शेतात निंदायला जाऊ लागली. खटला उभा राहायला आठ महिने लागले. तिला सरकारकडून फुकट वकील मिळाला होता, काळे नावाचे, नवखे पण मनापासून काम करणारे. त्यांचं म्हणणं साधं होतं: अडाणी आई, पोरगा बिघडू नये म्हणून दार लावून पोटासाठी कामाला गेली, बंद खोलीत त्या वाफेनं माणूस मरतो हे तिला ठाऊक असणं शक्य नाही. न्यायाधीशांना ते पटेलसं दिसत होतं. मग सरकारी वकिलांनी आमचं रजिस्टर मागवलं.

तिसरं सत्र. विषय: घरी काय टाळावे, कोंडून ठेवण्याचे धोके. आणि समोर तिची सही, वर ओढलेल्या रेघेसकट.

साक्षीच्या दिवशी सकाळी न्यायालयाच्या आवारात निरीक्षणगृहाचे अधीक्षक बागूल साहेब मला भेटले. वाईट माणूस नव्हते ते. पोरांच्या आमटीत डाळ किती पडते ते स्वतः बघायचे.

"काय सांगणार आहात?" त्यांनी विचारलं.

"खरं ते. ती त्या दिवशी नव्हती. सही मी आधी करून घेतली."

ते मग म्हणाले, "त्या रजिस्टरवर आजवर बावीस पोरं घरी गेलीत. एक सही खोटी निघाली की बावीसच्या बावीस आदेश उघडतील. सगळ्यांना परत बोलावतील. तुमचं काय होईल ते सोडा. काहीजण शाळेत जातात आता, नूतनताई. पाटाजवळचा तो पोरगा दहावीला बसतोय."

"आणि हिचं काय?"

"तिला फार होणार नाही. आई आहे. न्यायाधीश समजून घेतील."

सिंधूबाई चार पावलांवर पायरीवर बसली होती. शेजारी पूनम. आमचं बोलणं तिला ऐकू जात होतं हे मला माहीत होतं, आणि मी आवाज कमी केला नाही. तिनं काहीतरी म्हणावं, माझ्यापाशी येऊन विनवावं, असं मला वाटत असावं. ती पूनमच्या फ्रॉकच्या गुंड्या लावत बसली.

साक्षीच्या पिंजऱ्यात उभी राहिले तेव्हाही खरं सांगायचंच असं मनात होतं. सरकारी वकिलांनी रजिस्टर पुढं केलं.

"ही सही कोणाची?"

"सिंधूबाईंची."

"तुमच्यासमोर केली?"

"हो."

"या सत्रात, मुलाला कोंडून ठेवू नये, जिवाला धोका होतो, असं सांगितलं गेलं?"

"हो. डॉक्टरांनी सांगितलं."

"आरोपी त्या दिवशी हजर होत्या?"

मी रजिस्टरकडे बघत राहिले. काळे वकिलांनी मान वर केली. मी कशासाठी थांबले आहे हे त्यांच्या लक्षात येऊ लागलं होतं. ते उठायच्या बेतात असताना समोरून आवाज आला.

"होती मी, साहेब. ताईंनी सगळं सांगितलं होतं."

न्यायाधीश तिला म्हणाले की मधे बोलू नका, तुम्हाला विचारलेलं नाही. न्यायाधीशांनी चष्मा काढून माझ्याकडे पाहिलं. "तुम्ही उत्तर द्या. हजर होत्या?"

"हो," मी म्हटलं.

नाशिकच्या फोनबद्दल मला कोणी विचारलं नाही. तिनंही कोणाला सांगितलं नव्हतं, आपल्या वकिलालासुद्धा नाही.

दीड वर्षाची शिक्षा झाली. निकालात असं वाक्य होतं की आरोपीस धोक्याची पूर्ण जाणीव करून देण्यात आली होती. पूनमला मुलींच्या बालगृहात ठेवलं. न्यायालयाबाहेर महिला पोलीस सिंधूबाईला गाडीकडे नेत होती, तेव्हा ती मला एवढंच म्हणाली, "पूनमला उवा फार होतात. तिथल्या बाईंना सांगा."

तुरुंगात मी तिला एकदाच भेटायला गेले. चार महिने झाले होते तेव्हा. जाळीपलीकडे ती बसली, हातांवरचे निंदणीचे चरे गेले होते, हात मऊ दिसत होते.

"तुम्ही असं का म्हणालात, सिंधूबाई?"

"तुम्हीच म्हणालात ना, कोणी विचारलं तर होते म्हणायचं."

"ते वेगळं होतं."

"त्या बावीस पोरांच्या आया माझ्यासारख्याच असतील. त्यांची पोरं तरी घरी आहेत." मग म्हणाली, "आणि कुलूप तर मीच लावलं ना, ताई. सही खरी का खोटी, कुलूप खरंच होतं."

मग तिनंच विचारलं, "कोंडायचं नाही असं सांगितलं, ते तिथं वकिलानं वाचलं. पण का नाही कोंडायचं, ते सांगितलं होतं का त्या दिवशी?"

मी सांगितलं. वाफ जड असते, खाली साचते, मोकळ्यावर उडून जाते. दार उघडं ठेवायचं आणि कोणी सोबत बसायचं. सांगायला दोन मिनिटंही लागली नाहीत. ती पहिल्या गुरुवारी बसली होती तशी ताठ बसून ऐकत होती. मी थांबल्यावरही ती थांबूनच राहिली.

"एवढंच?" तिनं विचारलं.

"एवढंच."

भेटीची वेळ संपल्याचं शिपायानं सांगितलं. ती उठली आणि आत गेली.

आमचा कार्यक्रम त्या साली मार्चमध्येच बंद पडला होता. रजिस्टरमुळे नाही. संस्थेला मिळणारा निधी थांबला आणि वरून पत्र आलं. बावीसपैकी नऊ पोरं तोवर पुन्हा आत आली होती. पाटाजवळचा पोरगा दहावीला बसला, नापास झाला आणि पुढच्या वर्षी कुठं गेला ते कळलं नाही. मी जळगावला दुसरी नोकरी धरली. पूनमला भेटायला सुरुवातीला महिन्याला जात होते, मग दोन महिन्यांनी. प्रत्येक वेळी ती मला एकच सांगायची, की मुली तिला विचारतात तुझ्या भावाला कोणी मारलं. मी विषय बदलायचे. केसांच्या पिना न्यायचे, खाऊ न्यायचे.

आधीची कोठडी वजा जाऊन आणि शिक्षेत सूट मिळून सिंधूबाई त्या डिसेंबरात सुटली. मुलीचा ताबा हवा तर बाल कल्याण समितीपुढं यावं लागतं. तिनं मला फोन करून यायला सांगितलं, कागद वाचायला कोणी हवं म्हणून. बालगृहाच्या ऑफिसात टेबलामागं समितीच्या दोन बाया होत्या. मी आणि सिंधूबाई बाकावर. तिनं नवी साडी नेसली होती आणि पूनमसाठी एक लाल स्वेटर आणला होता, पिशवीतून तो परत परत बाहेर काढून बघत होती.

पूनमला आणलं. बारा वर्षांची झाली होती, उंच झाली होती. ती दाराजवळच उभी राहिली.

"बाळ, आई आली आहे तुझी," समितीच्या बाई म्हणाल्या. "आईबरोबर घरी जायचं का?"

पूनमनं मान हलवली. नाही.

"का गं?"

"ती कोंडते," पूनम म्हणाली.

सिंधूबाईच्या हातातला स्वेटर तसाच राहिला. आणि मग मी बोलले. दोन वर्षं जे बोलले नव्हते ते सगळं त्या खोलीत बोलले. सही आधी करून घेतली होती, तिला कोणी काही सांगितलंच नव्हतं, फोनवर घरातच ठेवा असं मीच म्हणाले होते, खोटी साक्ष मी दिली. पूनमकडे बघून म्हटलं, "आईची चूक नाही, बाळा. माझी आहे." माझा आवाज चढला होता. पूनम घाबरून काळजीवाहिकेच्या मागं सरकली. बारा वर्षांच्या मुलीला त्यातलं सही आणि साक्ष काय कळणार. तिला पत्रा आठवत होता, आणि संध्याकाळी आईनं कुलूप काढलं तेव्हा ती आईच्या शेजारीच उभी होती.

समितीच्या बाई शांतपणे म्हणाल्या, "मॅडम, तो निकाल झालेला विषय आहे. तुम्हाला काही सांगायचं असेल तर कोर्टात जा. आमच्यापुढं फक्त मुलीची इच्छा आहे."

मी नंतर वकिलाकडे गेले होते, प्रतिज्ञापत्रही लिहिलं. त्यांनी विचारलं, शिक्षा तर भोगून झाली, आता यातून मिळणार काय? तो कागद अजून माझ्याकडे आहे.

सिंधूबाई उठली. पूनमपासून दोन हातांवर थांबली, जवळ गेली नाही. स्वेटर तिनं काळजीवाहिकेच्या हातात दिला. "थंडी पडली की घाल म्हणावं," ती म्हणाली. "मी परत विचारायला येऊ का?" हे तिनं टेबलाकडे बघून विचारलं.

"सहा महिन्यांनी अर्ज करता येईल."

"बरं."

बाहेर रस्त्यावर ऊन कोवळं होतं. मी म्हटलं, "चला, कुठंतरी बसू. चहा घेऊ."

"नको, ताई." तिनं पिशवीची घडी केली आणि काखेत धरली. "नवा मुकादम आलाय पथारीवर. तो मला ओळखत नाही. आत्ता निघाली तर दुपारपासून घेईल." ती रिक्षाथांब्याकडे चालू लागली. मी काही वेळ तिथं उभी होते. तिनं वळून पाहिलं नाही. रिक्षा भरायला अजून दोन माणसं हवी होती, तोवर ती कडेच्या सीटवर हात मांडीवर ठेवून बसून राहिली.